तिथे बघायला काय आहे?



मागच्या खेपेस बँकॉकचे लिहिले, तेव्हाच कबूल केले होते की पुढच्या वेळी नदीपलीकडच्या गावाचे लिहू. ते गाव म्हणजे लाओस देशाची राजधानी व्हिएन्तियान. तिथले लोक तिला विएंगचान म्हणतात. विएंग म्हणजे तटबंदीचे नगर आणि चान म्हणजे चंदन. काही जण चान म्हणजे चंद्र असेही सांगतात. दोन्ही शब्द आपल्याच घरातले, तेव्हा भांडायचे कारण नाही.

"तिथे बघायला काय आहे?" हा प्रश्न आम्हांला निघण्याआधी चाळीत विचारला गेला आणि बँकॉकमध्ये तिकिटे काढून देणाऱ्या माणसानेही विचारला. दोन वर्षे भिशी भरून जमवलेला पैसा. त्यात चौघांचे तिकीट. तो समुद्र नाही, मोठी दुकाने नाहीत अशा गावी जाऊन का उडवायचा? खरे कारण सांगायचे तर हा दाजींचा हट्ट होता.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या अक्कांचे यजमान, यांचा डावा पाय ऐन तिशीत कारखान्यातल्या अपघातात गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून ते जयपूर फूटवर चालतात. चालतात म्हणजे उत्तम चालतात, पण सावकाश. मुंबईच्या पुलांवर, फलाटांवर, बसच्या पायरीवर त्यांनी आयुष्यभर एकच वाक्य ऐकले: "ओ काका, बाजूला व्हा." बँकॉकच्या गर्दीत भाषा कळली नाही तरी अर्थ तोच कळत होता. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "एकदा तरी असे शहर दाखवा की जिथे मी माझ्या चालीने चालेन." आम्ही नकाशा उघडला.

जुलै २०२४ पासून बँकॉकची रात्रीची गाडी थेट व्हिएन्तियानपर्यंत येते. पूर्वी सीमेवर उतरून दुसरी गाडी किंवा बस धरावी लागे. सकाळी नोंगखाईला थायलंडचा शिक्का मारून घ्यायचा आणि पुन्हा गाडीत बसायचे. मग मेकाँग नदीवरचा पूल लागतो. १९९४ साली ऑस्ट्रेलियाच्या पैशाने बांधलेला हा मैत्री पूल. एकाच पुलावरून मोटारीही जातात आणि आगगाडीही. गाडी पुलावर असली की मोटारी थांबवतात. आमच्या मंडळी खिडकीतून नदी बघत म्हणाल्या, "गोदावरीसारखी वाटते, पण पाणी जास्त."

लाओस देश आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या पाऊणपट आणि माणसे सगळी मिळून पंचाहत्तर लाखांच्या आसपास. राजधानी दहा लाखांच्या घरातली. स्टेशनाबाहेर पडलो आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. काय ते लवकर लक्षात येईना. मग अक्का म्हणाल्या, "अगं बाई, हॉर्न कुठे आहे?" खरेच, रस्त्यावर स्कूटरी होत्या, मोटारी होत्या, टुकटुक होते, पण कोणी भोंगा वाजवत नव्हते. पुढचा थांबला की मागचा थांबतो. दाजी रस्ता ओलांडायला उभे राहिले. एक स्कूटरवाली मुलगी थांबली, तिच्यामागे आणखी दोघे थांबले. दाजी अर्ध्या रस्त्यात घाईघाईने चालू लागले, जुन्या सवयीने. कोणी घाई केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठलो. गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी आदल्या रात्री मोबाईलमधल्या भाषांतरावरून सांगून ठेवले होते की भिक्षू आमच्या गल्लीतून जातात. बाहेर अंधुक उजेड, चार-पाच बायका रस्त्याच्या कडेला चटईवर गुडघे टेकून बसलेल्या. अंगावर सिन, म्हणजे आपल्या लुंगीसारखा पण काठाला विणकाम असलेला पोशाख, खांद्यावरून उपरणे. पुढ्यात बांबूची झाकणाची टोपली आणि तीत वाफाळलेला चिकट भात. अनवाणी भिक्षू एका रांगेत आले. पुढे वयस्कर भन्ते आणि सर्वांत मागे दहा-बारा वर्षांचे सामणेर. प्रत्येकाच्या पात्रात भाताचा एक छोटा गोळा. कोणी बोलत नाही. शेवटी भिक्षूंनी थांबून पाली गाथा म्हटल्या, बायकांनी भांड्यातले पाणी जमिनीवर सोडले, आणि सगळ्या उठून आपापल्या कामाला गेल्या. एकीने दुकानाचे शटर वर केले.

दाजींना गुडघे टेकता येईनात. एका आजीबाईंनी घरातून लाकडी स्टूल आणून दिले. दात्याने भिक्षूपेक्षा उंच बसू नये अशी तिथली रीत, त्यामुळे आम्ही संकोचलो. आजीबाईंनी हातानेच सांगितले, बसा. नंतर आमच्या मंडळींनी त्यांच्याबरोबर त्रिशरण म्हटले. शब्द तेच, पण त्यांच्या उच्चारात ब चा फ होतो, ग चा ख होतो. दोघी दोन तऱ्हेने म्हणत एकदमच संपवल्या आणि हसल्या. चार दिवसांत आम्ही तिथल्या भाषेतले दोनच शब्द शिकलो, भेटल्यावर सबायदी आणि आभाराचा खोप चाय. पण हे वाक्य मात्र कुणी शिकवावे लागले नाही.

अक्कांनी एक प्रश्न विचारला, तो इथे नोंदवतो. विहारात पांढऱ्या वस्त्रातल्या बायका दिसल्या, डोके मुंडलेल्या. त्या शील पाळतात, विहार झाडतात, स्वयंपाक करतात. पण भिक्षापात्र घेऊन रांगेत नाहीत. तिथे भिक्षुणी संघ नाही. "मग महाप्रजापतीने एवढी पायपीट कशाला केली?" अक्का म्हणाल्या. १९५६ साली नागपुरात अक्कांच्या आईने नवऱ्याशेजारी उभे राहून दीक्षा घेतली होती. त्यांना हे खटकणारच, आणि आम्हांलाही खटकले.

आता त्या शांततेची दुसरी बाजू. व्हिएन्तियानमध्ये बघायला जे आहे, ते बहुतेक कशाच्या तरी राखेवर उभे आहे.

सोळाव्या शतकात राजा सेत्थाथिरात याने राजधानी लुआंग प्राबांगहून इथे आणली. त्याने हॉ फ्रा केओ हे मंदिर बांधले ते हिरव्या दगडाच्या बुद्धमूर्तीसाठी. १७७९ साली सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, फौजेने ती मूर्ती उचलून नेली. दोन दिवसांपूर्वी बँकॉकच्या राजवाड्यात गर्दीत उभे राहून आम्ही जिच्यापुढे हात जोडले होते, ती हीच! इथे आता फ्रेंचांच्या काळात पुन्हा उभारलेली इमारत आहे, संग्रहालय म्हणून. मूर्तींचे संग्रहालय, आणि जिच्यासाठी ते बांधले ती तिथे नाही.

पुढे राजा अनुवोंग सयामविरुद्ध उठला. १८२७-२८ मध्ये त्याचा पराभव झाला, शहर जाळले गेले, माणसे मोठ्या संख्येने नदीपलीकडे हाकलून नेण्यात आली. आज लाओ बोलणारे लोक लाओसपेक्षा थायलंडच्या ईशान्य भागात जास्त आहेत, त्याचे एक मोठे कारण हे. चार दशकांनी फ्रेंच शोधपथक नदीतून वर आले तेव्हा राजधानीवर रान माजले होते.

त्या आगीतून वाचलेला मोठा विहार एकच, वाट सी साकेत. अनुवोंगनेच १८१८ ते १८२४ मध्ये बांधलेला. शैली सयामची होती आणि सयामी फौजेने तळ तिथेच दिला, म्हणून राहिला असे म्हणतात. चौकोनी अंगणाभोवती ओसरी, ओसरीच्या भिंतीत ओळीने लहान लहान कोनाडे आणि प्रत्येक कोनाड्यात दोन-दोन बुद्धमूर्ती बोटभर, वीतभर. अशा मूर्ती दोन हजारांहून अधिक. खाली मोठ्या मूर्तींची रांग. एका जाळीच्या खोलीत मात्र मोडक्या मूर्तींचा ढीग ठेवला आहे. डोकी, धडे, हात. दुरुस्त केलेल्या नाहीत, विसर्जित केलेल्या नाहीत. फक्त ठेवल्या आहेत. त्या खोलीपुढे आम्ही सगळ्यांत जास्त वेळ उभे होतो. दुसरे पर्यटक म्हणजे एक जर्मन जोडपे आणि कोपऱ्यात झोपलेले मांजर.

चपला बाहेर काढायच्या असतात. दाजींना त्याची चिंता नव्हती. जयपूर फूटचा गुण हाच की तो पायासारखा दिसतो, त्यावर अनवाणी चालता येते, मांडी घालता येते. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तो घडवला तो विहारात, मंदिरात, शेतात अनवाणी वावरणाऱ्या आपल्या माणसांसाठीच. विलायती पायाला बूट लागतो.

पिवळाधमक था लुआंग स्तूप सर्वांनी फोटोत पाहिला असेल, लाओसच्या राष्ट्रचिन्हावर तोच आहे. १५६६ चा. अशोकाच्या धम्मदूतांनी इथे बुद्धाच्या अस्थी आणल्या अशी तिथली श्रद्धा. इतिहासकारांना तसा पुरावा मिळालेला नाही, पण अशोकाचे नाव इतक्या लांब एका टुकटुकवाल्याच्या तोंडून ऐकले की बरे वाटते. हाही स्तूप मोडला, लुटला गेला. १८६७ साली देलापोर्त नावाच्या फ्रेंच माणसाने काढून ठेवलेल्या चित्रांवरून १९३० च्या दशकात तो पुन्हा उभारला. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. आणि त्यांचे नवे वर्ष येते १४ ते १६ एप्रिलला, एकमेकांवर पाणी उडवून. मालकीणबाईंना आम्ही सांगितले की १४ एप्रिल हा आमचाही सर्वांत मोठा दिवस. "तुम्हीही पाणी उडवता?" त्यांनी विचारले. अक्का म्हणाल्या, "आम्ही पाण्यासाठी भांडलो." आता हे भाषांतर मोबाईलने काय केले कोण जाणे. मालकीणबाई गंभीर झाल्या आणि प्रत्येकाला एकेक पाण्याची बाटली दिली!

पातुसाई हे विजयद्वार चढलो. दाजी पहिल्या मजल्यावर थांबले. अमेरिकेने विमानतळासाठी दिलेले सिमेंट तिथे वापरले, म्हणून लोक त्याला गमतीने उभी धावपट्टी म्हणतात. बुद्ध पार्क शहरापासून पंचवीस किलोमीटरवर आहे, १४ नंबरची बस जाते. १९५८ पासून एका साधूने बनवलेल्या सिमेंटच्या मूर्ती, बुद्धाशेजारी शिव, विष्णू, राक्षस. मुले बरोबर असतील तर जा. आम्हांला त्यात सिमेंट जास्त दिसले.

सी मुआंग विहारात मात्र आमचे आपसांत भांडण झाले. तिथे नगराचा खांब आहे, त्याच्याशी एका गरोदर बाईच्या बळीची दंतकथा जोडलेली आहे, आणि लोक नारळ, केळी, फुले घेऊन नवस बोलायला येतात. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, चारी जण दारातच थबकलो. आमच्या मंडळी म्हणाल्या, "हे सोडून तर आपण आलो." दाजी म्हणाले, "त्यांना कोणी सोडायला लावले नाही, कारण देवळाबाहेर कोणी उभे केले नव्हते." अक्कांचे मत वेगळेच. बुद्ध ज्याला जन्मताच मिळाला त्याला तो तपासून घ्यावासा वाटत नाही, एवढेच त्या म्हणाल्या. वाद मिटला नाही. आमचे मत विचाराल तर नवस हा नवसच, तो कुठल्याही मूर्तीपुढे बोलला तरी.

तिसऱ्या दिवशी दाजींनी एक पत्ता पुढे केला. भाच्याने मोबाईलवर पाठवलेला. कोप नावाच्या संस्थेचे केंद्र, पुनर्वसन रुग्णालयाच्या आवारात. प्रवेश फुकट. ही संस्था १९९७ पासून कृत्रिम हातपाय देण्याचे काम करते.

आत शिरताच छतापासून दोऱ्यांनी टांगलेले शेकडो लोखंडी चेंडू दिसतात. वर उघडलेले बॉम्बचे कवच आणि त्यातून पावसासारखे खाली येणारे हे चेंडू. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने या छोट्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. विमानांच्या ५,८०,००० फेऱ्या. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमान, रात्रंदिवस, नऊ वर्षे. युद्ध शेजारच्या व्हिएतनामचे होते आणि लाओसमधले हे युद्ध जगापासून लपवून लढले गेले. बॉम्ब मुख्यतः पूर्वेकडच्या डोंगरी प्रांतांवर पडले, राजधानीवर नव्हे. मोठ्या बॉम्बमधून विखुरलेल्या या लहान चेंडूंची संख्या सत्तावीस कोटी. त्यांतले सुमारे आठ कोटी फुटलेच नाहीत. ते शेतात राहिले. लोक त्यांना बॉम्बी म्हणतात. मुले उचलतात, चेंडू समजून. बायका चुलीसाठी जाळ करतात तेव्हा खालची जमीन तापून फुटतात. आणि माणसे भंगार म्हणून गोळा करायला जातात. पोटासाठी भंगार वेचताना माणूस काय काय उचलतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. युद्ध संपल्यानंतरही वीस हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा अपंग झाली.

पुढे एका बाजूला जुने पाय टांगलेले आहेत. संस्थेचा पाय मिळण्याआधी खेड्यातल्या माणसांनी स्वतःच बनवलेले पाय. लाकडाचे, बांबूचे, भंगाराच्या पत्र्याचे. एकाला आतून जुने कापड गुंडाळलेले, घामाने काळे पडलेले.

दाजी तिथून हलेनात. अक्का पुढे गेल्या होत्या, त्या परत आल्या. दाजी म्हणाले, "माझाही पहिला असाच होता. बघितलास ना तू? पहिले आठ महिने. वखारीतल्या सुताराने करून दिलेला." आम्ही मेहुणे असून इतक्या वर्षांत हे आम्हांला ठाऊक नव्हते. अपघातानंतर नुकसानभरपाईसाठी कचेरीच्या फेऱ्या मारायच्या होत्या आणि घरी बसून चालणार नव्हते. "तो पाय कुठे गेला?" आमच्या मंडळींनी विचारले. "चुलीत," अक्का म्हणाल्या. "त्या वर्षी पावसाळ्यात सरपण ओले होते."

टेबलापाशी बसलेल्या मुलीला थोडे इंग्रजी येत होते. दाजींनी विजार वर करून आपला पाय दाखवला. तिने वाकून पाहिले, बोटांनी पावलाचे रबर दाबले आणि आतून एका कारागिराला बोलावले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कारागिराने घोट्याजवळ बोट ठेवले, दाजींनी मांडी घालून दाखवली, उकिडवे बसून दाखवले, उठून दाखवले. त्याने आपल्याकडचा प्लास्टिकचा पाय आणून दाखवला. अर्धा तास चालले होते. कामगार माणसाला हत्यार आणि माल दिसला की दुभाष्या लागत नाही.

अशा बॉम्बवर बंदी घालणारा करार २००८ साली ओस्लो येथे सह्यांसाठी खुला झाला, २०१० पासून लागू आहे, आणि त्यात सामील देशांची पहिली परिषद त्याच वर्षी याच व्हिएन्तियानमध्ये भरली. अमेरिकेने सही केलेली नाही. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा इथे आले आणि बॉम्ब काढण्यासाठी नऊ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. सही न केलेल्यांत आपला भारतही आहे. त्या भिंतीसमोर उभे राहून हे वाचताना बुद्धाच्या देशातून आलो हे सांगायला जीभ थोडी अडखळली. दाजींनी उरलेले किप दानपेटीत टाकले. सगळेच टाकले, त्यामुळे परतीच्या टुकटुकचे भाडे आमच्या मंडळींनी पदरचे दिले.

आता भगिनींसाठी थोडे खाण्याचे. तिथला चिकट भात रात्रभर भिजवून वाफेवर शिजवतात, पाण्यात नाही. हाताने गोळा करायचा आणि चटणीत बुडवायचा. भाजलेल्या टोमॅटो-मिरचीची चटणी थेट आपल्या ठेच्याची बहीण. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत आंबवलेल्या माशाचे पाणी घालतात. नाक मुरडू नका, सुकट-बोंबलाच्या घरात वाढलेल्यांना जमते. शाकाहारी असाल तर आधी सांगा. सकाळी फ्रेंचांनी शिकवलेला लांब पाव मिळतो. आपल्याला पाव पोर्तुगीजांनी दिला, त्यांना फ्रेंचांनी. दोघांची खोली दीड-दोन हजार रुपयांत मिळाली. आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला अडीचशेच्या आसपास किप मिळत होते, त्यामुळे खिशात लाखो असूनही आपण श्रीमंत नसतो. ती नोटांची चळत तिथल्या लोकांचे दुःख आहे. २०२३ च्या सुरुवातीला महागाई चाळीस टक्क्यांवर गेली होती. मालकीणबाईंची दोन्ही मुले नदीपलीकडे थायलंडात मजुरीला आहेत. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी विचारून घ्या. विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, आणि पहाटेच्या भिक्षेच्या वेळी तोंडासमोर मोबाईल धरू नये. ही शेवटची सूचना आमच्याच मंडळींना करावी लागली होती.

शेवटच्या संध्याकाळी मेकाँगच्या काठी गेलो. थंडीच्या दिवसांत पाणी लांब सरकते आणि मध्ये वाळूचे मैदान उघडे पडते. पलीकडे थायलंडचे दिवे. काठावर राजा अनुवोंगचा पुतळा, नदीकडे हात पुढे केलेला. दाजी म्हणाले, मी पुतळ्यापर्यंत एकटा जाऊन येतो. आम्ही बाकावर बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. अक्का दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. सूर्य केव्हाच बुडाला होता, बाजाराचे दिवे लागले होते. दीड तासाने दाजी गर्दीतून येताना दिसले, आपल्या चालीने, हात मागे बांधून.

"एवढा वेळ?" अक्का म्हणाल्या.

"वाटेत बायकांची कवायत लागली," दाजी म्हणाले. "मोठ्याने गाणी लावून शंभर-दीडशे बायका हातपाय हलवत होत्या. बघत उभा राहिलो."